ड जीवनसत्त्व: सहा दिवसांत ५८ वरून ३४?

परळकरीण: मार्चमध्ये पाय इतके भरून यायचे की दादरचा पूल चढताना मध्येच कठडा धरून थांबायचे. तपासलं तर ड जीवनसत्त्व ११. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी दिली, आठवड्यातून एक, दुधातून, आठ आठवडे. मी रविवार धरला, म्हणजे मटण आणि पुडी एकदम लक्षात राहतं. आता पूल एका दमात चढते.

आठवी पुडी झाल्यावर ऑफिसच्या चेकअपमध्ये ५८ आलं. सहा दिवसांनी नवऱ्याच्या पॅकेजवर एक माणूस फुकट होतं म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं, तिथे ३४! खरं कोणतं? केमिस्ट म्हणतो अजून आठ पुड्या घ्या. जाऊबाई म्हणतात दर महिन्याला तपास. पैसे काय त्या देणार?

सुईवाला: वीस वर्षं लॅबमध्ये आहे. आधी एकक बघा. नॅनोमोलमधला आकडा नॅनोग्रॅमच्या अडीचपट दिसतो. दोन्हीकडे नॅनोग्रॅम असेल तर सहा दिवसांत एवढं सहसा उतरत नाही. रक्तातली पातळी निम्मी व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. मशिनं वेगळी, पद्धत वेगळी, की आकडा हलतो. म्हणून दर वेळी एकच लॅब धरा. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनी तपासा, त्याआधी पातळी स्थिरावलेली नसते. दर महिन्याला तपासून काय मिळणार?

आणि केसांसाठी बायोटिन घेता का? काही मशिनांवर त्याने ड चा आकडा उगाच चढलेला येतो.

भांडुपचा_बाळू: केमिस्टचं ऐकू नका. आमच्या बाबांनी हीच आठवड्याची पुडी रोज एक अशी दीड महिना घेतली. 'ताकद येते' म्हणे. मग उलट्या, पोट साफ नाही, रात्रभर पाणी आणि लघवी, आणि एकच प्रश्न चार-चारदा विचारायचे. आम्हाला वाटलं वय झालं. रक्तातलं कॅल्शियम वाढून १३.६ निघालं. सहा दिवस सलाइनवर होते. हे चरबीत साठतं, त्यामुळे पुड्या बंद करूनही पुढे कित्येक महिने रक्त तपासत होतो. डोस वाढवायचा असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि ड सोबत कॅल्शियम, क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी) बघायचं का तेही विचारा.

परळकरीण: बाळू, बाबा आता बरे आहेत ना? केमिस्टला नाही सांगून आले.

सुईवाले दादा, दोन्ही रिपोर्ट नॅनोग्रॅमचेच आहेत. पण तुमचं वाचून उठले आणि कपाट उघडलं. लेकीने आणलेली केसांच्या गोळ्यांची डबी, त्यावर बायोटिन १० मिलिग्रॅम! ऑफिसच्या चेकअपच्या दिवशी सकाळीच एक घेतली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी डबी संपली, म्हणजे दुसऱ्या रक्ताच्या वेळी बायोटिन चालू नव्हतं. रिकामी डबी आणि दोन्ही रिपोर्ट शनिवारी डॉक्टरांकडे नेते.

केस मात्र होते तेवढेच गळतायत.