मदत हवी आहे: जुन्या शिडाच्या होडीच्या फळ्या उकलल्या आहेत, रविवारपूर्वी सल्ला हवा

धंतोलीकर
नमस्कार. वडिलांची 12 फूट लांबीची लाकडी शिडाची होडी गेली 11 वर्षे नागपुरात आमच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली पडून होती. ती दुरुस्त करून पावसाळा ओसरल्यावर पाण्यात उतरवीन, असे मी आईला कबूल केले आहे. परवा तिच्यात चार बादल्या पाणी ओतले, तर पाचवी बादली आणेपर्यंत तळ रिकामा झाला. फटींत एपॉक्सी पुट्टी भरून बाहेरून फायबर चढवावे, असे सुतार म्हणतात आणि ते रविवारी सामान घेऊन येणार आहेत. पुट्टी कोणती घ्यावी आणि फायबरचे थर किती द्यावेत, एवढेच कृपया नेमके सांगावे.

लकडगंज
होडी सलग फळ्यांची आहे की प्लायवूडची? लाकूड कोणते? फळ्या एकमेकींवर चढवलेल्या आहेत की कडेला कड लावून बसवलेल्या?

गोरेवाडा
माझ्या होडीवर मी फायबरचे दोन थर दिले होते. सहा वर्षे झाली, एक थेंब पाणी आत येत नाही. सुतारांचे ऐका.

धंतोलीकर
जुनी लाकडी होडी आहे, हे मी लिहिले आहेच. लाकूड सागवान आहे. फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असून तांब्याच्या खिळ्यांनी जोडल्या आहेत; आतून प्रत्येक खिळ्यावर लहान गोल चकती ठोकलेली आहे. अंगठ्याने दाबले की वरची फळी खालचीवर किंचित हलते. फळ्यांच्या आतल्या बाजूला वडिलांनी पेन्सिलीने घातलेले आकडे अजून वाचता येतात आणि ते पुट्टीखाली जाऊ नयेत असे मला वाटते. आता थरांचे सांगावे.

विदर्भकन्या
शिडाचे कापड सुती असेल तर ते आधी उन्हात वाळवून बुरशीचे डाग तपासा. टेरिलिनचे असेल तर मात्र उन्हात ठेवू नका, उन्हाने ते ठिसूळ होते.

मूळचामालवणचा
धंतोलीकर, रविवारचे काम कृपया थांबवा. माझे आजोबा होड्या बांधत आणि त्यांच्या हाताखाली मी हे काम पाहिले आहे. तुमची होडी मोडलेली नाही, ती वाळलेली आहे. सागवानाची फळी लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आटते, आणि आडव्या कापाची (वलये रुंदीला समांतर असलेली) फळी उभ्या कापाच्या (वलये रुंदीला काटकोनात असलेल्या) फळीपेक्षा साधारण दुप्पट आटते. नागपूरचे 11 उन्हाळे पत्र्याच्या छपराखाली काढल्यावर सांधे सैल होणारच. आज त्या सैल सांध्यांत दगडासारखी कडक होणारी पुट्टी भरली, तर पाण्यात गेल्यावर फुगणाऱ्या फळीला जागाच उरणार नाही. मग ती खिळे ओढते, चकत्या उपटते किंवा खिळ्यांच्या ओळीतच उभी चिरते. गोरेवाडा यांची होडी बहुधा प्लायवूडची असावी. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही, म्हणून त्यावर फायबर टिकते. सलग फळी मात्र ऋतूगणिक हलते, फायबर हलत नाही, आणि त्या दोहोंमध्ये शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.
होडी ठेवली कशावर होती?

गोरेवाडा
माझी प्लायवूडची आहे, हे खरे. पण मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ 1817 पासून आजवर टिकून आहे आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. सागवानाला इतके जपावे लागते, हे मला पटत नाही.

मूळचामालवणचा
त्या जहाजाच्या जाड फळ्या कडेला कड लावून बसवलेल्या आहेत आणि त्यांच्या फटी ठासून बंद करतात. इथली फळी पातळ आहे आणि तिचा सांधा फुगण्यावरच बंद होतो. शिवाय ते जहाज पाण्यात आहे. ही होडी इतके उन्हाळे कोरडी पडून होती.

धंतोलीकर
पुढे आणि मागे विटांचे दोन थर होते, मध्ये आधार नव्हता. मधल्या तीन बरगड्या (फळ्यांना आतून धरणारी वाकवलेली लाकडे) तुटल्या आहेत. हे आधी सांगायला हवे होते, याची कल्पना नव्हती.

मूळचामालवणचा
मग आधी आकार पाहा. तळाच्या कण्याच्या बाजूने पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि मध्यभागी कणा दोरीच्या खाली किती उतरला आहे ते मोजा. आकार सरळ झाल्याशिवाय एकही बरगडी बदलू नका, नाहीतर वाकलेलाच आकार कायमचा पक्का होईल. बरगड्यांसाठी धावड्याचे लाकूड घ्या. सागवान वाफेवर सहज वळत नाही. एक इंच जाडीला साधारण एक तास वाफ द्यावी.

लकडगंज
धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, हे मान्य. पण वाळताना तो चिरतो आणि ओलाव्यात सागवानाइतका टिकत नाही. सागवानाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून बरगडी करा. चिकटवण्यापूर्वी थिनरने पुसा, कारण त्या लाकडात तेल असते. आणि आतून जवसाचे तेल आजच लावायला घ्या.

मूळचामालवणचा
तेल आता नको. तेलाने पाणी आत मुरणार नाही. आधी ओल, मग सैल खिळे पुन्हा ठोकणे (बाहेरून एकाने जड लोखंड धरायचे, आतून दुसऱ्याने हलक्या हाताने ठोकायचे), त्यानंतर तेल. बरगड्यांबाबत लकडगंज यांचा मार्गही चालेल, पण मी धावडाच वापरीन.

विदर्भकन्या
आतून-बाहेरून गोणपाट अंथरा आणि जुन्या कुलरचा पंप व भोके पाडलेली नळी लावून ते सतत ओले ठेवा. नवतपा सुरू आहे, नुसत्या बादलीने तासाभरात सगळे कोरडे होईल.

धंतोलीकर
सुतारांना रविवारी येऊ नका असे कळवले. दोरी लावली, मध्ये कणा 18 मिलिमीटर खाली आहे. कुलरचा पंप चालू केला आहे. कणा आजच जॅकने उचलू का?

मूळचामालवणचा
आज नको, आणि जॅकने तर मुळीच नको. आठवडाभर ओल मुरू द्या. मग कण्याखाली लांब फळी घालून तिच्याखाली दोन्ही बाजूंनी पाचरी ठोका, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, आणि लाकूड करकरले की त्या दिवशी तिथेच थांबा.