लेझरचं सुकाणू: पिन नेमक्या कुठे बसतात?

सेकंडहँड लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) घेतलीय, सुकाणू सुटं आलंय. त्याला दोन पिना आहेत, होडीच्या मागच्या फळीवर दोन कड्या आणि मध्ये एक स्प्रिंगची पट्टी, ती कशाला? आणि वरची कडी हलतेय.

> पिना म्हणजे पिंटल, कड्या म्हणजे गजन. दोन्ही पिना वरून खाली कड्यांत सोडायच्या, सुकाणू त्यावरच फिरतं. पट्टी महत्त्वाची, होडी उलटली की सुकाणू वर सरकून निसटू नये म्हणून ती अडवते, काढताना ती दाबून धरायची आणि सुकाणू वर उचलायचं. बसवल्यावर वर ओढून बघच.

> हलणारी कडी नुसती आवळू नकोस भाऊ, स्क्रू काढ, भोक कोरडं कर, सीलंट लावून परत बसव, नाहीतर तिथूनच पाणी आत शिरतं. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे घे, खाऱ्या पाण्यात साधे टिकत नाहीत. आणि दोन्ही कड्या एका रेषेत हव्यात, जरा तिरक्या झाल्या तरी सुकाणू जड फिरतं.

> टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) ट्रॅव्हलरच्या, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला आडव्या बांधलेल्या दोरीखालून घाल, हे सगळे विसरतात 😄

कळलं, पट्टी वाकलेलीच आहे, नवीन मागवतो.