वस्तुनिष्ठ, तटस्थ, मूल्यनिरपेक्ष : तिन्ही एकच का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी नाशिकला समाजशास्त्रात एम.ए. करते. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या मजुरांवर लघुप्रबंध लिहिते आहे. त्यात 'मुकादम मजुरांची पिळवणूक करतो' असं वाक्य होतं. मार्गदर्शकांनी ते खोडलं आणि समासात 'वस्तुनिष्ठ लिहा' असा शेरा मारला. मैत्रीण म्हणते, म्हणजे तटस्थ राहा. पुस्तकात 'मूल्यनिरपेक्ष' असा शब्द आहे. तिन्हींचा अर्थ एकच का? मजुरांची कड मनात असेल तर या विषयाला हातच लावू नये का?

उत्तर

ताई, तिन्ही वेगळे आहेत, आणि हात जरूर लावा.

'तटस्थ' म्हणजे काठावर उभा असलेला. ते माणसाच्या पवित्र्याचं वर्णन झालं. 'वस्तुनिष्ठ' हे कामाचं विशेषण आहे : जे म्हटलंय ते वस्तुस्थितीवर टेकलेलं आहे का, आणि दुसऱ्या कुणाला ते तपासता येईल का? स्पर्धा परीक्षांमुळे या शब्दाचा अर्थ आक्रसला आहे. 'वस्तुनिष्ठ बहुपर्यायी' प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर असतं, म्हणून वस्तुनिष्ठ संशोधनातही एकच उत्तर, आणि तेही आकड्यांत, असं मुलं धरून चालतात. तसं नाही.

'मूल्यनिरपेक्ष' ही संज्ञा जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरच्या चर्चेतून आली. १९०४ आणि १९१७ च्या त्याच्या लेखांत दोन गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुसरीच तेवढी पाठ केली जाते. पहिली अशी की विषय निवडताना मूल्यं असतातच. नाशिक जिल्ह्यात अभ्यासायला काय कमी आहे? तरी तुम्हाला मजूर दिसले, ते तुमच्या मूल्यांमुळे. दुसरी अशी की एकदा कामाला लागलं की आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही नोंदवायचा, आणि 'असं आहे' यातून 'असं असावं' हे शास्त्राच्या नावाने काढायचं नाही. वेबर स्वतः राजकारणावर परखड लिहीत असे. मूल्यनिरपेक्ष म्हणजे मूल्यहीन नव्हे.

नाशिककरांनी तर याचं उत्तम उदाहरण लक्षात ठेवावं. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. सनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या जातीच्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासून जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, असं त्यांनी मांडलं. शास्त्राच्या प्रांतात भावनेला थारा नसावा, माझी मांडणी कुणी पुराव्याने मोडली तरी मला आनंदच होईल, असा त्या निबंधाच्या शेवटचा आशय आहे. जातीचे चटके स्वतः सोसलेला माणूस हे म्हणतो आहे. पुढे २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा तटस्थतेचा प्रश्नच नव्हता. तटस्थ नसलेल्या माणसाचं काम वस्तुनिष्ठ असू शकतं, याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणखी एक

सर, आम्ही निफाडकडचे, घरची बाग आहे. माझी अडचण शब्दांचीच आहे. छाटणीच्या आधी मजुरांना पैसे द्यावे लागतात. आमच्या वहीत ते 'उचल' म्हणून लिहितात. तोच मजूर म्हणतो, 'अंगावर पैसे आहेत.' रक्कम तीच. मग शब्द निवडला की बाजू निवडल्यासारखंच नाही का?

उत्तर

अगदी खरं. म्हणून दोन्ही शब्द लिहायचे, कोण म्हणतो त्यासकट. एक शब्द गाळला की अर्धी वस्तुस्थिती गेली. ताईंनीही तेच करावं : एकरी उक्तं काम कितीला ठरलं, टोळीच्या हातात किती पडलं, मुकादमाने किती कापले, उचल फिटायला किती हंगाम गेले, हिशेबाची वही मजुराला पाहायला मिळते का. मुकादम काय सांगतो तेही हवं. टोळीतलं कुणी आजारी पडलं तर दवाखान्याचा खर्च तो करतो का, हे विचारा. हे सगळं मांडून, पिळवणूक कशाला म्हणते आहे याची व्याख्या देऊन, विश्लेषणाच्या प्रकरणात तो शब्द खुशाल वापरा. तिथे तो शब्द खोडणं मला पटणार नाही. मात्र पुराव्याआधी आला तर मार्गदर्शकांचा शेरा रास्त आहे.

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दालने अमेरिकेतल्या वर्णप्रश्नावर १९४४ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं, मूल्यं लपवून पूर्वग्रह जात नाही. ती उघड सांगा, म्हणजे वाचक त्या हिशेबाने वाचेल. प्रस्तावनेत तुमची भूमिका चार ओळींत लिहून टाका.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार, सर. एक राहिलं. एक बाई म्हणाल्या, 'पैसे अंगावर असले की मुकादमाशी बोलताना मान वर होत नाही.' हे व्यक्तिनिष्ठ म्हणून गाळू का?

उत्तर

अजिबात गाळू नका. त्या बाईंचा अनुभव व्यक्तिनिष्ठ आहे, पण त्या असं म्हणाल्या, ही नोंद वस्तुनिष्ठ आहे. 'व्यक्तिनिष्ठ' हा शब्द आपल्याकडे दोष दाखवायला वापरतात, तो वापर चुकीचा आहे. वाक्य त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं ठेवा. मग इतर मजुरांनाही मोकळा प्रश्न विचारा. मान वर करून बोलणारं कुणी भेटलं, तर त्याचंही बोलणं त्याच पानावर यायला हवं.