लेप्टिन मज्जेतील मूलपेशींना हाडाकडे वळवते की चरबीकडे?

निशिगंध: अस्थिमज्जेतील एकाच प्रकारच्या मूलपेशीपासून हाड घडवणारी पेशीही बनते आणि मेदपेशीही. यांपैकी काय बनावे यावर शरीरातील चरबीतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा प्रभाव पडतो, असे वाचले. परंतु एका लेखात लेप्टिन हाडाला पोषक ठरवले आहे, तर दुसऱ्यात मारक. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

पेशीवाचक: प्रयोग कुठे केला, यावर उत्तर अवलंबून आहे. १९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी माणसाच्या मज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना लेप्टिन दिले, तेव्हा त्या हाडाकडे वळल्या आणि मेदपेशी कमी बनल्या. पुढच्याच वर्षी जेरार कार्सेन्टी यांच्या गटाला मात्र असे आढळले की लेप्टिन नसलेल्या उंदरांच्या मणक्यांत हाड उलट जास्त असते आणि त्यांच्या मेंदूत लेप्टिन सोडल्यास ते घटते. हा परिणाम मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून, ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेमार्फत हाडापर्यंत पोहोचतो. अशाच उंदरांच्या मांडीचे हाड मात्र कमकुवत असते, म्हणून केवळ मणक्यांवरून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

माळरान: डॅलस येथील शॉन मॉरिसन यांच्या गटाचे काम मला याहून निर्णायक वाटते. लेप्टिनचा ग्राही (लेप्टिनला जोडून घेणारे पेशीवरील प्रथिन) धारण करणाऱ्या पेशी मज्जेत अत्यल्प असल्या, तरी प्रौढ उंदरांच्या मज्जेत नव्याने बनणारे हाड आणि चरबी प्रामुख्याने त्यांच्यापासूनच तयार होते, हे त्यांनी २०१४ मध्ये दाखवले. २०१६ मध्ये त्यांनी पायांच्या हाडांतील अशा पेशींतून हा ग्राहीच काढून टाकला, तेव्हा हाड वाढले, मज्जेतील चरबी घटली आणि मोडलेले हाड लवकर जुळले. म्हणजे मेंदूला वळसा घालूनही लेप्टिन या पेशींना थेट चरबीकडे ढकलते.

निशिगंध: तसे असेल, तर उपासमारीत लेप्टिन घटल्यावर मज्जेतील चरबीही घटायला हवी ना?

पेशीवाचक: प्रत्यक्षात ती वाढते. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या, जेवण टाळून वजन अतिशय घटवण्याच्या मानसिक आजाराच्या रुग्णांत अंगावरची चरबी जाते, मज्जेतील वाढते आणि हाडांची घनता घसरते. त्यांच्यात इस्ट्रोजेनही कमी आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जास्त असते, त्यामुळे सारे श्रेय वा दोष एकट्या लेप्टिनला देता येत नाही. शिवाय अन्न कमी पडते तेव्हा मज्जेतील ही चरबी स्वतःच अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक रक्तात सोडते, असे २०१४ मधील संशोधनातून दिसले. दुसरीकडे, अतिव्यायामाने किंवा वजन घटल्याने पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना २००४ मधील एका छोट्या अभ्यासात लेप्टिन दिले असता, हाड घडत असल्याच्या रक्तातील खुणा वाढल्या होत्या.