वर्षात दोन कंपन्या, दोन फॉर्म 16, टॅक्स नक्की किती? (आर्थिक वर्ष 2025-26)

नवी_नोकरी
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली. पहिल्या कंपनीचा सहा महिन्यांचा पगार 5,10,000 आणि दुसरीचा 8,10,000, दोघांनीही टीडीएस एक रुपया कापलेला नाही. एफडीचं व्याज 30,000 आहे, त्यावरही बँकेने काही कापलं नाही. दोन्ही फॉर्म 16 (कंपनी देते तो पगार आणि टीडीएसचा दाखला) मधली शेवटची रक्कम घेऊन बेरीज केली, त्यात व्याज मिळवलं तर बरोब्बर 12 लाख होतात, म्हणजे नवीन रिजीममध्ये टॅक्स शून्य ना? आयटीआर-1 चालेल का? आणि वडील 76 वर्षांचे आहेत, पेन्शन आहे, 75 च्या वर रिटर्न भरायचं नसतं असं ऐकलंय, खरं आहे का?

खाचखळगे
शून्य नाही हो, थांबा, तसंच सबमिट करू नका. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या फॉर्ममध्ये 75,000 स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) वजा केलंय, म्हणजे तुमच्या बेरजेत ते दोनदा गेलं, आणि ते माणसाला वर्षातून एकदाच मिळतं, नोकऱ्या कितीही बदला. म्हणून शेवटची रक्कम घ्यायचीच नाही, वरचा ग्रॉस पगार घ्यायचा. 13,20,000 मधून 75,000 गेले, राहिले 12,45,000, अधिक व्याज 30,000, झाले 12,75,000. आता 87ए ची रिबेट, म्हणजे टॅक्स शून्य करणारी सूट, 12 लाखांपर्यंतच, ती गेली. 4 ते 8 लाखाचे 5 टक्क्यांनी 20,000, 8 ते 12 चे 10 टक्क्यांनी 40,000, वरच्या 75,000 वर 15 टक्क्यांनी 11,250, एकूण 71,250 आणि 4 टक्के सेस धरून 74,100. मार्जिनल रिलीफ (टॅक्स 12 लाखांवरच्या उत्पन्नापेक्षा जास्त होऊ न देणारी सवलत) मिळत नाही कारण टॅक्स 12 लाखांवरच्या 75,000 पेक्षा कमीच आहे.

नवी_नोकरी
बापरे, 74 हजार!! पण मग कंपनीने कापलं का नाही? आणि जुन्या रिजीममध्ये गेलो तर?

खाचखळगे
कारण प्रत्येकीने फक्त स्वतः दिलेला पगार बघितला, पहिलीच्या हिशोबाने वर्षाचे 10,20,000 होत होते आणि दुसरीच्या हिशोबाने मार्चपर्यंत 8,10,000, दोन्हीकडे शून्यच येणार. नवीन ठिकाणी जॉइन झाल्यावर जुन्या पगाराची माहिती फॉर्म 12बी मध्ये द्यायची असते, ती दिली की नवीन कंपनी एकत्र हिशोब करून दरमहा कापते. एचआर सहसा आपणहून मागत नाही, आणि दरवर्षी कितीतरी लोक यातच अडकतात म्हणून एवढं तळमळीने लिहितोय. जुन्या रिजीमचं म्हणाल तर 80सी चे (पीपीएफ, विमा वगैरेंची वजावट) पूर्ण दीड लाख धरले तरी 1,57,500 अधिक सेस येतो, मोठं एचआरए किंवा होमलोन असेल तरच विचार करा.

सीए_नाही_पण
वरचा हिशोब बरोबर आहे, फक्त एक भर घालतो, पैसे भरायला रिटर्नची वाट बघू नका. टॅक्स 10,000 च्या वर असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायला हवा होता, तो न भरल्यामुळे 234बी खाली एप्रिलपासून महिन्याला 1 टक्का व्याज चालू आहे, म्हणजे तुमचे महिन्याला 741 रुपये, आणि महिन्यातला एक दिवस वर गेला तरी पूर्ण महिना धरतात. 234सी चं, म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते वेळेवर न भरल्याचं व्याज, वेगळं. पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये असेसमेंट इयर 2026-27, प्रकार सेल्फ असेसमेंट टॅक्स (300) निवडून भरा, मग चलनचा नंबर आणि बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक) रिटर्नमध्ये आलाय का ते बघा. आयटीआर-1 चालेल, बाकी काही उत्पन्न नसेल तर. एआयएस (पोर्टलवरचं तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाचं विवरण) उघडून दोन्ही पगार आणि व्याज जुळवून घ्या, बँकेने टीडीएस कापला नाही म्हणून व्याज टॅक्समधून सुटत नाही, ते तिथे दिसतंच. आणि भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा, आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं, ते राहिलं तर भरलेलं रिटर्न धरलंच जात नाही.

पेन्शनर_कन्या
वडिलांबद्दल: वय 75 झालं म्हणून सरसकट सूट नाही. 194पी ची, म्हणजे 75 च्या वरच्यांना रिटर्न न भरण्याची सवलत फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असेल तर आहे, तेही बँकेला 12बीबीए फॉर्म लिहून दिला असेल तर, मग बँकच टॅक्स काढून कापते. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात एफडी असेल, घरभाडं येत असेल तर ही सवलत नाही. माझ्या आईची एफडी दुसऱ्या बँकेत आहे म्हणून आम्ही भरतोच, आणि कापलेला टीडीएस परत मिळवायचा असेल तर रिटर्नशिवाय मार्गच नाही.

नवी_नोकरी
वडिलांची पोस्टात एफडी आहे, म्हणजे त्यांचं उत्पन्न मर्यादेवर जातंय का ते बघून भरतो. माझं चलन आजच रात्री काढतो, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.