ॡ गिरवण्यात दोन पानं घालवली, त्याचं काय?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)
चाळिशी उलटल्यावर संस्कृत शिकायला घेतलंय. पहिल्याच तासाला फळ्यावर १४ स्वर: अ आ इ ई उ ऊ ऋ ॠ ऌ ॡ ए ऐ ओ औ. त्यातले १० तर लहानपणापासून ओळखीचे, ऋही अधूनमधून भेटणारा. म्हणून सगळा जीव ओतला तो ॠ, ऌ आणि ॡ यांच्यावर. ॡची तर दोन पानं गिरवली. ती खालची शेपटी काही केल्या जमेना.

तिसऱ्या आठवड्यात वहीत मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं, 'गुरू वदति'. बाईंनी 'रू'खाली लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'किती?'. किती काय, ते विचारायचं राहूनच गेलं. विसर्ग विसरलो होतो तोही त्यांनी दिला, पण रेघ होती ऊकाराखाली.

माझं म्हणणं एवढंच, की मराठी माणूस अडतो तो ओळखीच्याच अक्षरांवर. आधी ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करून घ्या. 'पितॄन्' भेटेल तेव्हा ॠ शिकू, 'कॢप्त' भेटेल तेव्हा ऌ. ॡ नाहीच भेटला तरी कुणाचं काय बिघडतं?

अच्
साफ असहमत. तक्ता म्हणजे नकाशा आहे, आज ज्या गल्लीत जायचं नाही ती नकाशातून खोडत नाहीत. पाणिनीच्या वर्णसूत्रांतली पहिली चार बघा: अइउण्, ऋऌक्, एओङ्, ऐऔच्. पुढे संधीत इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी अनुक्रमे य्, व्, र्, ल् येतात. इति + आदि = इत्यादि, सु + आगत = स्वागत, पितृ + आज्ञा = पित्राज्ञा. चौकडीतला एक काढलात की 'ल्' कुठून आला म्हणून पुन्हा तुम्हीच विचारणार.

पाटीपेन्सिल
संधी सहा महिन्यांनी येते हो! आणि तुमच्याच सूत्रांत ॡ कुठे दिसला?

अच्
तिथे आ, ई, ऊसुद्धा नाहीत. तेही सोडणार का? एक अक्षर अख्ख्या कुटुंबाच्या वतीनं उभं असतं. (पण खरं सांगायचं तर ॡपुरता तुम्ही जिंकलात. अ, इ, उ, ऋ यांचे प्रत्येकी १८ भेद सांगणारे वैयाकरण ऌचे मात्र १२च सांगतात, कारण त्याला दीर्घ नाही. तक्त्यात ॡ शिरला तो बहुधा जोडी जुळवायच्या हौसेपायी.)

कानामात्रा
लिहिण्यावर एवढी रणधुमाळी, आणि ऋ म्हणायचा कसा याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही! आपण 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि', आणि दोघंही एकमेकांना हसतो. मुळात तो स्वर आहे, व्यंजनाला उकार जोडून होणारा आवाज नव्हे. प्राकृतात त्याच्या तीन वाटा झाल्या: मृत्तिकेची माती, शृंगाचं शिंग, पृच्छतिचं पुसणे. अ, इ, उ तिन्ही! म्हणून मी म्हणते, आधी कान, मग हात. 'क्रुष्ण' लिहिणाऱ्याची चूक हाताची नसते, तो जे ऐकतो ते इमानेइतबारे लिहितो.

अच्
कानावर विसंबलात तर मराठी कान 'रु'च ऐकवणार. इथे डोळाच वाचवतो. 'कृ' हे चिन्ह वेगळं दिसतं म्हणून तर आवाज वेगळा असावा अशी शंका तरी येते.

सरळरेघ
मला हा ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊच कळत नाही. वेलांटी इकडची तिकडे झाली म्हणून अर्थ पळून जातो का? मराठीत निम्मे लोक चुकीचं लिहितात, सगळ्यांना सगळं कळतं.

कानामात्रा
मराठीत संदर्भ सांभाळून घेतो. संस्कृतात पळतो हो अर्थ! दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बापुडा. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे सारथी. हे मराठीतही चालतं म्हणाल, तर शब्दाचं शेवटचं अक्षर बघा. १९६२च्या लेखननियमांनी मराठीत शेवटचे इकार-उकार दीर्घ केले, म्हणून आपण कवी, गुरू लिहितो. ('कविवर्य' आणि 'गुरुदक्षिणा' यांत मूळचा ऱ्हस्व अजून टिकून आहे, बघा.) संस्कृतात मात्र कविः म्हणजे एक कवी, कवी म्हणजे दोन. गुरुः एक, गुरू दोन.

धागाकर्ते, बाई काय विचारत होत्या ते आलं का लक्षात?

पाटीपेन्सिल
अरे देवा. दोन गुरू, आणि क्रियापद एकाचं! आत्ताच वही काढून 'रू'चा 'रु' केला. 'गुरुः वदति'. शेजारी लिहिलं, 'एकच'.

सरळरेघ, आता तुम्ही आणि अच् काय ते बघून घ्या. ॡची दोन पानं मी फाडलेली नाहीत, शेपटी शेवटी शेवटी बरी जमली होती.