मदत हवी आहे: म्हातारी कुत्री फिरायला गेली की अर्ध्या वाटेत बसते, घरी ठेवली तर रडते

पांदणवाट | मंगळवार, सकाळी ८:४०
कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. आमची भुरी पंधरा-वीस दिवसांपासून वाटेवरच्या मोरीपर्यंत (छोट्या पुलापर्यंत) बरोबर येते आणि तिथे बसली की बसलीच. बाकीचे दोन कुत्रे, राजा आणि टिपू, तोवर कॅनलवर पोचलेले असतात, मी मधात उभी, पुढेही जाता येत नाही अन् मागेही. हाक मारली तर शेपटी हलवते पण उठत नाही, थोडं थांबलं की उठते, वीसेक पावलं चालते आणि परत बसते. आज उचलून आणलं तिला. घरी बांधून गेले तर इतकी रडते की शेजारच्या काकूंनी निरोप पाठवला, दाराची खालची फळी ओरबाडून टाकली म्हणून. मग न्यायचं की नाही न्यायचं? आणि गुडघ्यांसाठी कोणतं औषध द्यायचं? कॅल्शियम चालू आहे. पहाटे साडेपाचला ती दारात येऊन उभी राहते आणि मला तिच्याकडे बघवत नाही, म्हणून उद्या निघायच्या आधी काहीतरी सांगा.

बोंडअळी_त्रस्त | सकाळी ९:०५
भाऊ, वय काय हाय तिचं? गावरान हाय का दुसरी? मोरी किती दूर, कॅनल किती दूर? लंगडते का? हे काहीच सांगतलं नाही तुमी, आता आमी काय अंदाजानं सांगाव.

धुऱ्यावरचा | सकाळी ९:३०
मोहाच्या टोळीचं तेल कोमट करून मागच्या पायांना चोळा, रात्री झोपताना, वरून एरंडाचं पान बांधा. माझ्या आजोबांचे बैल याच तेलावर पंधरा-पंधरा वर्षं बंडी ओढत होते. सात दिवसांत फरक पडतो, खात्रीने सांगतो.

पांदणवाट | सकाळी १०:१५
मी ताई आहे, भाऊ नाही. गावरान आहे, बदामी रंगाची. पऱ्हाटीच्या गंजीखाली सापडली होती तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता, आता तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे अकरा वर्षं धरा. राजा तिचाच पोरगा, सहा वर्षांचा. टिपू शेजाऱ्यांचा पण राहतो आमच्यातच. घरापासून मोरी एक किलोमीटर आणि मोरीपासून कॅनल तेवढाच, त्याच्या पलीकडे आमचं वावर. सेलू तालुका. लंगडत नाही. तेल लावून बघेन, पण ती चाटून काढेल ना?

सेवानिवृत्त_पर्यवेक्षक | सकाळी ११:००
ताई, तेल राहू द्या जरा वेळ. आधी एक सांगा. सकाळी झोपेतून उठताना आखडते का, आणि चालायला लागली की मोकळी होते का? सांध्याचं दुखणं असलं की जनावर उठताना त्रासतं आणि चार पावलं टाकली की बरं चालतं. तुम्ही लिहिलंय त्याच्या उलट आहे, निघताना चांगली आणि नंतर थकते. हे मला गुडघ्याचं वाटत नाही. रात्री खोकते का? पाणी जास्त पिते का? ऑपरेशन झालंय का तिचं, की अजून माजावर येते? हिरड्यांचा रंग काय?

कापूसवाला_गजू | दुपारी १२:२०
माझ्या कुत्र्याला मी माणसाचीच गुडघेदुखीची गोळी अर्धी देतो, दोन वर्षं झाली, टकाटक पळते. डॉक्टरकडे गेलं की पाचशे-हजार जातात. ताई अर्धी देऊन पहा, पोळीत टाकून द्या, कळत पण नाही त्याला.

सेवानिवृत्त_पर्यवेक्षक | दुपारी १२:३५
गजूभाऊ, बंद करा ते आजच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि किडनी जाते, दिसायला वरून काहीच दिसत नाही. काळी, डांबरासारखी शी झाली तर समजायचं आतून रक्त चाललंय. ताई, तुम्ही अजिबात देऊ नका.

कापूसवाला_गजू | दुपारी १२:५०
साहेब, दोन वर्षं देऊन रायलो म्हनलं ना, काही नाही झालं.

गिधाडमित्र | दुपारी १:१५
डायक्लोफेनॅकचा विषय निघालाच आहे तर, जनावरांसाठी ते औषध आपल्या देशात २००६ मध्येच बंद झालं, कारण ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची किडनी जात होती. मी लहान असताना गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरून गिधाडं उतरायची, आता ढोर आठ दिवस तसंच पडून राहतं आणि त्यावर कुत्रीच जगतात. कोणाकडे जुनी औषधं पडून असतील तर कृपया वापरू नका.

बोंडअळी_त्रस्त | दुपारी १:२५
आमच्याकडे पण हेच झालं. शेवटचं गिधाड कधी पाहिलं आठवत नाही आता. पण भाऊ, ताईची भुरी राहिली ना बाजूले.

पांदणवाट | दुपारी २:४०
उठताना आखडत नाही, उठते पटकन. खोकत नाही. पाणी नेहमीसारखंच. ऑपरेशन झालंय, राजाच्या बाळंतपणानंतर लगेच केलं. हिरड्या काळपट आहेत तिच्या लहानपणापासून, त्यामुळे रंग काय सांगू. जेवण कमी झालंय पण मला वाटलं वयामुळे. एक गोष्ट सांगायची राहिली, पांदणीतल्या फुफाट्यात तिच्या मागच्या डाव्या पायाची नखं घासल्याची रेघ उमटते. पंज्याचा ठसा, मग बोटभर रेघ, मग ठसा. आज खाली बसून नीट पाहिलं. आधी ही रेघ नव्हती, कारण त्या वाटेवरचे तिघांचे ठसे मला पाठ आहेत.

लॅब्रोडॉरप्रेमी_अमरावती | दुपारी ३:००
पिल्लू असतानाच पट्ट्याची सवय लावली की असं होत नाही. रोज दहा मिनिटं डाव्या बाजूने चालवायचं, खिशात खाऊ ठेवायचा, ओढलं की थांबायचं. तीन महिन्यांत शिकतात. माझा लॅब्रोडॉर बाजारात सुद्धा सुटा फिरतो.

सेवानिवृत्त_पर्यवेक्षक | दुपारी ३:२०
ताई, तुम्ही फार कामाची गोष्ट पाहिली. नख घासणं म्हणजे कमरेचं किंवा कण्याचं थोडं असू शकतं, आणि नुसत्या अशक्तपणाने पण पाय घासतो. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी हळूच ओढून आतला रंग पाहा, गुलाबी आहे की पांढुरका. आणि आता नीट आठवून सांगा, गोचीड लागल्या होत्या का महिना-दीड महिन्यात? कुठून रक्त आलं का, नाकातून, शी-शूमधून?

पांदणवाट | दुपारी ४:०५
पापणी बघितली. राजाची लाल आहे, टिपूची पण. भुरीची पांढरी आहे, धुतलेल्या कागदासारखी. आता हात थरथरतोय लिहिताना. गोचीड दिवाळीत खूप निघाल्या, कानाच्या आत आणि बोटांच्या मधे, मी चिमट्याने काढून रॉकेलमध्ये टाकल्या. आणि मागच्या आठवड्यात ओसरीवर तिच्या नाकातून दोन थेंब रक्त पडलं होतं, राजाशी खेळताना लागलं असेल म्हणून मी पुसून टाकलं.

सेवानिवृत्त_पर्यवेक्षक | दुपारी ४:१०
हे आधी सांगायला पाहिजे होतं. गोचिडाचा ताप दिसतोय मला. गोचिडातून रक्तात जंतू जातो, एहर्लिचिया नावाचा, त्याने रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात म्हणून नाकातून रक्त, आणि रक्त कमी झालं म्हणून थकवा. लघवी कॉफीसारखी गडद असेल तर दुसरा जंतू असतो, त्याचं औषध वेगळं. मी न बघता नाव ठेवत नाही, रक्त तपासायलाच पाहिजे. आज फिरवू नका, उड्या मारू देऊ नका, राजाशी मस्ती नको. उद्या सकाळीच न्या.

धुऱ्यावरचा | दुपारी ४:३०
गोचीड असतील तर गोठ्यात मारायचं औषध पाण्यात टाकून पुसा अंगाला, एका दिवसात साफ. आम्ही गायींना तेच लावतो.

बोंडअळी_त्रस्त | दुपारी ४:४५
काय बोलता भाऊ, अंदाजानं विष लावता का कुत्र्याले? २०१७ ले यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, मास्क नाही, हातमोजे नाही म्हणून. थे तर अंग चाटते, सगळं पोटात जाईन तिच्या. ताई, वावरात फवारणी कधी झाली होती? पाय चाटते ना थे वावरातून आल्यावर.

पांदणवाट | संध्याकाळी ५:१०
आमच्याकडे तुरीवर फवारणी झाली बारा दिवसांपूर्वी, त्या दिवशी तिघांना घरीच ठेवलं होतं. पण भुरी त्याच्या आधीपासूनच बसते. कुठे नेऊ ते सांगा. मागे तालुक्याच्या गावात एकाकडे नेलं होतं तर टेबलावर पण घेतलं नाही, दारातूनच इंजेक्शन टोचलं, वय झालं म्हणाले आणि कॅल्शियमची बाटली दिली. तीच बाटली चालू होती.

वर्धेकर_सायली | संध्याकाळी ५:३०
ताई, जिथे रक्त तिथल्या तिथे तपासतात अशा ठिकाणी न्या, वर्ध्यात मिळेल. नाहीतर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, सकाळी लवकर पोचा कारण गर्दी असते. तिन्ही कुत्र्यांचं सांगा, कारण एकाला लागल्या म्हणजे सगळ्यांना लागल्या. आणि १९६२ वर फोन करून पाहा, फिरता दवाखाना तुमच्याकडे येतो का ते कळेल. मला आमच्या मोतीच्या वेळी असं कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही पाच दिवस वाट बघत बसलो, म्हणून लिहिते आहे.

रानडुक्कर_वैतागलेला | संध्याकाळी ६:००
पहाटे साडेपाचला कॅनलवर एकट्या जाताच कशाला तुम्ही? बोर व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, बिबट कुत्र्यासाठीच गावाजवळ येतो. आमच्या पाहुण्यांचं कुत्रं ओसरीवरून नेलं. उजाडल्यावर जा, हातात काठी अन् बॅटरी ठेवा. शिवाय डुकरांसाठी कोणी तारेत चोरून करंट सोडलेला असतो, धुऱ्याधुऱ्याने जाऊ नका.

कापूसवाला_गजू | संध्याकाळी ६:२०
हे मात्र खरं हाय. आमच्या शिवारात तारेला लागून दोन कुत्रे मेले. झटका मशीन लावा म्हना, थ्यानं जीव जात नाही.

पांदणवाट | गुरुवार, रात्री ८:५५
काल दिवसभर लिहायला जमलं नाही. वर्ध्याला नेलं. ताप १०३.८ होता, प्लेटलेट ४८ हजार आल्या, कुत्र्यात दोन लाखांच्या वर असायला पाहिजेत असं डॉक्टर म्हणाले. किटवर एहर्लिचिया निघाला. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, मधे बंद करायचं नाही, आणि रिकाम्या पोटी द्यायचं नाही नाहीतर उलटी होते. राजा आणि टिपूचं पण रक्त घेतलं, ते दोघं ठीक आहेत पण गोचिडाची गोळी तिघांनाही दिली. कमरेचा फोटो पण काढला, मणक्यात वयाची झीज आहे थोडी, त्यासाठी आता काही द्यायचं नाही, आधी रक्त सुधारू द्या म्हणाले. पर्यवेक्षक काका, तुम्ही पापणी बघायला लावली नसती तर मी तिला अजून तेल चोळत बसले असते. हात जोडते तुम्हाला.

आता आमचं असं चाललंय. पहाटे ती दारात उभी राहते तेव्हा मुलगा राजा-टिपूला पाटलांच्या वावराकडून नेतो, आणि मी भुरीला मारुतीच्या पारापर्यंत. दोनशे पावलं असतील. ती पाराच्या कट्ट्याला पाठ लावून बसते आणि पांदणीकडे तोंड करून कान उभे ठेवते. ते दोघं दिसत नसतात पण आवाज आला की तिचा डावा कान वळतो. मी खाली बसते तिच्याजवळ. कोणी विचारलं काय करून रायली ताई तर सांगते फिरायला आले. तिला रोज न्यायचं की नाही हा माझा प्रश्न होता तो सुटला, दूर जाता येत नसेल तर जवळ जायचं, पण जायचं.

वर्धेकर_सायली | रात्री ९:१०
वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. गोळी भातात लपवून न देता आधी दोन घास खाऊ घाला, मग गोळी, मग परत घास. आमचा मोती भातातली गोळी बाहेर काढून ठेवायचा.

सेवानिवृत्त_पर्यवेक्षक | रात्री ९:३०
छान केलं. औषध दोन-चार दिवसांत काम करायला लागतं, भूक आधी परत येईल. आठ-दहा दिवसांनी प्लेटलेट परत तपासा. आणि घराकडे लक्ष द्या, हे गोचीड अंगावर कमी आणि भिंतीच्या फटीत जास्त असतात. एक मादी हजारो अंडी घालते, ती अंगावर नाही, खाली पडून फटीत घालते. ओसरी, गोठा, झोपायची जागा, कोपरे सगळं पाहा. तिचं अंथरूण गरम पाण्यातून काढा.

गिधाडमित्र | रात्री ९:५०
गोठ्यात विषारी औषध मारणार असाल तर चारा-पाणी आधी बाहेर काढा, आणि कोंबड्या असतील तर त्या पण. मेलेले गोचीड कोंबड्यांनी टिपले तर त्यांनाही बाधतं.

पांदणवाट | शनिवार, दहा दिवसांनी, सकाळी ७:५०
प्लेटलेट १ लाख ६२ हजार. भाकर-दूध सगळं खाल्लं. काल पहिल्यांदा मोरीपर्यंत नेली, उचलायची पाळी आली नाही. मोरीजवळ बसली खरी, मी पण बसले, तेव्हा राजा कॅनलकडून एकटाच माघारी पळत आला, तिच्या तोंडाला तोंड लावलं, आणि तिथेच तिच्या बाजूला बसला. टिपू पलीकडून भुंकत होता, तरी गेला नाही राजा. परत येताना फुफाट्यात पाहिलं, रेघ अजून आहे, पण बारीक.

काका, गोठ्याच्या भेगा सगळ्या बुजवल्या आणि वर चुना दिला. परत कधी द्यायचा?

सेवानिवृत्त_पर्यवेक्षक | सकाळी ८:१५
पंधरा दिवसांनी एकदा परत. खाटेच्या पायांच्या फटी पाहिल्या का? तिथेच राहतात त्या.

पांदणवाट | सकाळी ८:२०
नाही पाहिल्या. आत्ताच उन्हात काढते.